काखेतलं रक्त

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारायची, "तुम्ही काय करता हो?" मी म्हणायची, "रक्त काढते." तिचा जिलबीकडे गेलेला हात तिथंच थांबायचा. मी घाईघाईनं म्हणायची, "अहो, लॅबमध्ये!" तरी ती जरा पलीकडे सरकायचीच. जन्मभर रविवार कारंज्याजवळच्या एका लॅबमध्ये आणि तिला जोडलेल्या छोट्या रक्तपेढीत नोकरी केली, आणि जन्मभर पंगतीत ऐसपैस जागा मिळाली. नोकरीचा हा एक फायदा कोणी सांगत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "विजयाताई, काहीतरी रोमांचक लिहा." लॅबमध्ये कसलं आलंय रोमांचक, कप्पाळ! देवळाली कॅम्पचे एक सुभेदार यायचे. मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. तोफेच्या आवाजाला पापणी न लवणारा माणूस, पण सुई दिसली की धाडकन आडवा. त्यांच्यासाठी आम्ही खुर्चीऐवजी बाकडंच ठेवलं होतं. ओझरच्या विमान कारखान्यातले एक फिटर रिपोर्ट हातात घेऊन विचारायचे, "बाई, यात अधिक-उणे किती धरायचं?" म्हटलं, "भाऊ, हा बोल्ट नाही, तुमची साखर आहे." असली गिऱ्हाइकं पुष्कळ. पण रोमांचक म्हणाल तर एकच गोष्ट आठवते, आणि ती दिनकरगुरुजींच्या रक्ताची.

आधी आमचा धंदा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रुग्णाला रक्त चढवायचं असलं की आधी ते जुळवून बघायचं. रुग्णाच्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी घ्यायचं, त्यात दात्याच्या तांबड्या पेशी घालायच्या आणि बघत बसायचं. पेशी एकसारख्या राहिल्या तर जमलं. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या तर ती बाटली त्या माणसाला विष. एवढंच. पण या 'एवढंच'मध्ये चूक झाली तर माणूस जातो, म्हणून आम्ही बायका घरी भाजीत मीठ विसरू, लॅबमध्ये काही विसरत नसू.

आमच्या लॅबची शान म्हणजे एक रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास. आमच्या डॉक्टर मॅडमनी तो मुद्दाम मुंबईहून आणला होता. त्यात बर्फाचा चुरा भरायचा, नदीपलीकडच्या दवाखान्यांतले नमुने त्यात खोचायचे आणि पुलावरून घेऊन यायचं. बाकीच्या लॅबवाल्यांचे नमुने शर्टाच्या खिशातून यायचे, आमचे मात्र बर्फात, थाटात. मॅडमनी थर्मासच्या बुडाजवळ लाल अक्षरांची पट्टी चिकटवली होती: 'बर्फातच ठेवावे.' त्या 'च'चा त्यांना फार अभिमान होता.

नव्वदीच्या शेवटाकडचा तो हिवाळा. नाशिकची थंडी ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. पंचवटीतल्या एका छोट्या दवाखान्यातून निरोप आला की एका गुरुजींना तातडीनं रक्त लागणार आहे, नमुना घेऊन जा. गेले. खाटेवर साठीचे दिनकरगुरुजी, गोदावरीच्या घाटावर पूजा सांगणारे. डोळे हळदीसारखे पिवळे, दोन वाक्यं बोलले की धाप. तरी मला बघून म्हणाले, "या ताई. दान घेणारे आम्ही, आज द्यायची पाळी आलीय. किती काढणार?"

"चमचाभर, गुरुजी."

"दक्षिणा मिळेल का?"

"चहा मिळेल."

शेजारी त्यांच्या बायको, सुमतीकाकू, धन्याजिऱ्याच्या पाण्याचा पेला घेऊन उभ्या. माठातलं गार पाणी. मी विचारलं, काय होतंय नक्की? काकू म्हणाल्या, "उष्णता हो, ताई. दुसरं काय! लघवीला काळ्या चहासारखं होतंय. उन्हाळी लागलीय. मी रोज सकाळी भिजवलेला सब्जा देते, दुपारी गुलकंद, रात्री गार दूध. शिवाय म्हटलं, नदीवर जाताच आहात तर दोन बुड्या जास्त मारा, अंगातली आग निघेल."

आता यात काकूंचं काय चुकलं? लघवी लाल झाली की उष्णता, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मीही मान डोलावली. नमुना काढला, बर्फात खोचला, काकूंना म्हटलं, "बरोबर करताय."

लॅबमध्ये आले आणि तमाशा सुरू झाला. गुरुजींच्या जुन्या कार्डावर गट 'ओ'. माझ्या काचेवर आला 'एबी'. पुन्हा केलं, पुन्हा 'एबी'. पेशी मोजायच्या यंत्रानं जिवंत माणसाचे वाटू नयेत असे आकडे दिले, तेव्हा मॅडम चष्मा पुसून म्हणाल्या, "विजया, अगं हा माणूस आहे की वीट?" मग जुळवून बघायला घेतलं, तर पहिली बाटली गुठळ्या, दुसरी गुठळ्या, तिसरीला तर नळी हातात घेताघेताच गुठळ्या. मॅडम म्हणाल्या, "नमुना खराब झाला असेल. दुसरा आण. आणि बर्फ नीट भर गं, कंजूषपणा करू नकोस."

भरला. ठासून भरला. दुसरा नमुना पहिल्याहून वाईट निघाला.

तिकडे पंचवटीत बातमी पसरली की दिनकरगुरुजींना रक्त मिळत नाहीये. दुपारी आमच्या दारात धोतर नेसलेल्या मंडळींची ही रांग! प्रत्येकजण दंड पुढे करून उभा. एकाचंही जुळेना. एक तरुण गुरुजी हिरमुसून म्हणाला, "ताई, असं कसं? आमचं गोत्रसुद्धा एकच आहे."

"गोत्र जुळून काय उपयोग? इथं रक्त जुळायला हवं. आमच्याकडे सगोत्र चालतं."

हसले सगळे, पण मी आतून घाबरले होते. दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला की रक्त आणखी उतरतंय, धाप वाढलीय, संध्याकाळपर्यंत काहीतरी करा. त्यात रांगेतला एक सावळा, गंभीर माणूस, गुरुजींचा चुलत भाऊ वसंता, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा उद्या-परवा उठतील ना हो? पौष महिना आमच्या देवळात त्यांच्या पूजेच्या पाळीचा आहे. पाळी चुकली तर ती माझ्याकडे येते. तसा घराण्याचा ठरावच आहे. मला नकोय हो, पण ठराव तो ठराव." 'नकोय' म्हणताना त्याचा चेहरा काही तसा दिसत नव्हता. पण रक्त द्यायला पहिला तोच आला होता, हेही खरं. माणसं अशीच असतात, एका खिशात एक, दुसऱ्यात दुसरं.

मी पुन्हा काचेवर थेंब टाकला. आमच्याकडे खाली दिवा असलेली एक काचेची पेटी असायची. गटाची एक चाचणी तिच्यावर काच डोलवत बघायची. दिव्यानं तिचा वरचा भाग कोमट होतो. वैतागून मी गुठळ्यांची काच त्या पेटीवर आपटली आणि मॅडमशी बोलत राहिले. बोलताबोलता खाली बघते तर काय, गुठळ्या गायब! रक्त अगदी एकसारखं, शहाण्या मुलासारखं पसरलेलं. काच उचलून फरशीवर ठेवली. पुन्हा गुठळ्या. पेटीवर ठेवली, गायब.

"मॅडम, याला भूतबाधा झालीय."

मॅडम आल्या. काच इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग थर्मासकडे बघितलं, त्यावरच्या आपल्या लाल पट्टीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं विजया, थंडी! याच्या रक्ताला थंडी बाधतेय, आणि आपण दोघी याला बर्फात घालतोय!"

मी फोनवर काकूंना बोलावलं. "काकू, काळी लघवी दिवसभर होते की ठरावीक वेळी?"

"सकाळीच. नदीवरून आले की."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात कुठं असतं? तेव्हा तर ठणठणीत." मग काकू बारीक आवाजात म्हणाल्या, "अगं बाई. म्हणजे सब्जा..."

"सब्जा बंद. गुलकंद बंद. गोधडी घाला."

मॅडमनी मला मग सगळं उलगडून सांगितलं, आणि मी ते पुढं शेकडो लोकांना सांगितलं. पंचवटीच्या भाजीबाजारात अतिक्रमणाची गाडी यायची, आठवतं? आधी एक माणूस यायचा, हातगाड्यांवर खडूनं फुली मारायचा आणि निघून जायचा. मग मागून ट्रक यायचा आणि फुलीवाल्या गाड्या उचलायचा. आपल्या रक्तात असाच कारभार चालतो. तिथं पूरक नावाच्या प्रथिनांची एक टोळी फिरत असते, इंग्रजीत कॉम्प्लिमेंट म्हणतात. शरीराला परका वाटणारा कोणी दिसला की त्याच्यावर ही प्रथिनं फुलीसारखी चिकटतात. ट्रक म्हणजे यकृतातल्या आणि प्लीहेतल्या मोठ्या खादाड पेशी. त्यांच्या अंगावर हुकासारखे आकडे असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ते आकडे बरोबर फुलीत अडकतात, आणि मग फुलीवाला आत ओढला गेलाच म्हणून समजा. जंतू असला तर उत्तम झालं.

गुरुजींच्या अंगात एक वेडं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार झालं होतं. ते फक्त थंडीत जागं व्हायचं. गार पाण्यानं बोटं, कान, नाकाचा शेंडा थंड पडले की तिथून जाणाऱ्या तांबड्या पेशींवर ते बसायचं, फुली मारून घ्यायचं, आणि रक्त पोटाकडे गरमात आलं की उडी मारून पसार. फुली मात्र पेशीवरच. ट्रक काय विचारपूस करतो? उचल आणि घाल आत. फुल्या फारच झाल्या तर ही टोळी पेशीला तिथल्या तिथं भोकंच पाडते, आणि त्यातला लाल रंग लघवीतून निघतो. काकूंना दिसायची ती उष्णता म्हणजे हीच.

तसं तांबड्या पेशीच्या अंगावरही रखवालदार असतात, फुली पुसायला. त्यांच्या मदतीनं फुली तुटते आणि तिचा एक तुकडा तेवढा उरतो. तो ट्रकच्या आकड्यात अडकत नाही, म्हणून पेशी वाचते. आम्ही तो उरलेला तुकडा शोधायची चाचणी केली. गुरुजींच्या पेशी तुकड्यांनी भरलेल्या. बिचारे रखवालदार किती राबले असतील! पण रोज पहाटे नदीत चार बुड्या, त्यात काकूंच्या दोन जास्तीच्या. कुठवर पुसणार?

आता नमुना गरम आणायचा होता. कसा? थर्मासमध्ये तर बर्फ, आणि तो रिकामा करून, पुसून, पाणी तापवत बसायला माझा धीर कुठला. मी तशीच रिक्षानं दवाखान्यात गेले, सिरिंज मुठीत धरून ऊबवली, रक्त काढलं, नळी स्वेटरच्या आत काखेत घट्ट दाबली आणि पुन्हा रिक्षात बसले. रिक्षावाला आरशातून बघत होता. पुलावर न राहवून म्हणाला, "ताई, ताप किती आला?"

"येतोय अजून. जरा दामटा."

लॅबमध्ये मॅडम थर्मास उलटा करून शोधतायत, "अगं नमुना कुठंय? पाडलास की काय?" मी स्वेटरमध्ये हात घातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, त्यांना मी प्रत्यक्ष काढून दाखवला. त्या संकटातही हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळं कोमट पाण्यात ठेवून केलं. गट आला 'ओ', कार्डावरच्यासारखा. चार बाटल्यांतली एक अगदी सुरेख जुळली. दवाखान्यात गुरुजींना गोधड्यांत गुंडाळून, रक्ताची नळी कोमट पाण्यातून फिरवून, हळूहळू ते चढवलं. तिथली मावशी म्हणत होती, "लय लाडाचं रगत हाय बाई ह्यांचं. दुलई लागती त्याला." दिवे लागले तेव्हा गुरुजींची धाप उतरली होती. ती बाटली वसंताची होती. त्याचं पहिलं रक्त जुळलं नव्हतं ते आमच्या बर्फामुळं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. आठवड्यानं गुरुजी काकूंबरोबर तपासणीला लॅबमध्ये आले, मफलर-बिफलर घालून, चांगले टवटवीत. आणि काकू दारातूनच सुरू झाल्या. "ताई, यांना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत. पौष लागतोय. म्हणे, नदीत बुडी मारून ओलेत्यानंच पूजा करणार!"

"मग काय करू?" गुरुजी म्हणाले. "पिढ्यान् पिढ्या तसंच आहे. ऊन पाण्यानं आंघोळ करून देवाला हात लावू? वसंता टपूनच बसलाय. त्याचं रक्त अंगात आहे म्हणून काय पाळीही देऊन टाकू?"

मॅडमनी समजावलं. डॉक्टरी भाषेत समजावलं, साध्या भाषेत समजावलं, रागावून समजावलं. फुल्यांची आणि ट्रकची गोष्ट गुरुजींनी मन लावून ऐकली. "म्हणजे फुली मारणारा पळाला आणि निरपराध सापडला?"

"हो."

"हा तर आमच्या पंचवटीतलाच कारभार झाला," म्हणाले, "पण बुडी चुकणार नाही."

मला आला राग. मी त्यांचं रक्त काढलं, दोन नळ्यांत घातलं. एक कोमट पाण्यात ठेवली, एक त्यांच्यादेखत त्या थर्मासच्या बर्फात. थोड्या वेळानं दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढं धरल्या. एकीत रक्त वाहतंय, दुसरीत नासलेलं.

"गुरुजी, हे तुम्ही घरी असताना. आणि हे तुम्ही नदीत असताना."

त्यांचा चेहरा उतरला. मी गार नळी त्यांच्या मुठीत दिली. "धरा. घट्ट धरा." धरून बसले. त्यांच्या मुठीच्या उबेनं गुठळ्या हळूहळू विरायला लागल्या. बोटं उघडून बघायचे, पुन्हा मिटायचे. सगळं रक्त मोकळं झालं तेव्हा नळी हळूच माझ्या हातात परत दिली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. जाताना गुरुजींनी मला एकच विचारलं, "ताई, तुमचा तो थर्मास उद्या सकाळपुरता मिळेल?"

मी स्वतः घेऊन गेले. पौषाची पहिली सकाळ, घाटावर धुकं, माणसांच्या तोंडातून वाफा. वसंता न्हाऊन, ओलेता, कुडकुडत वाट बघत उभा. त्याचे दादा आले ते माकडटोपी, हातमोजे, दोन स्वेटर. पायरीवर बसले, तांब्यात ओंजळभर नदीचं पाणी घेतलं आणि त्यावर थर्मासमधलं ऊन पाणी ओतलं. वाफ निघाली. दोनचार म्हातारे गुरुजी थबकले.

वसंता म्हणाला, "दादा, हे काय? ऊन पाणी? परंपरा मोडली. मग ठराव..."

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. "वसंता, ही गोदामाई. माई म्हणतोस ना?"

"हो."

"तुझी आई तुला न्हाऊ घालायची तेव्हा पाण्याखाली विस्तव घालायची की पाण्यात बर्फ?"

म्हाताऱ्यांपैकी एकजण खो खो हसला. "अरे, आजाऱ्याला ऊन पाण्याचं स्नान शास्त्रातच आहे. आपणच यजमानांना सांगतो की रोज!" वसंतानं मान खाली घातली. मग काय वाटलं कोण जाणे, वाकून त्यानंच तांब्या उचलला आणि दादांच्या हातावर पाणी घातलं. पाळी दिनकरगुरुजींकडेच राहिली, त्या वर्षी आणि पुढं प्रत्येक वर्षी. थर्मास मात्र उद्या सकाळपुरता गेला तो गेलाच. मॅडमनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, देवाच्या कामाला लागलाय." नवा आणला, त्यावर पट्टी काही चिकटवली नाही.

आमच्या कामाची एक खंत सांगते. नळी येते, नळी जाते, माणूस दिसत नाही. कोणाचं पुढं काय झालं ते कळत नाही. आता तर यंत्रं आली, नळीवर काळ्या रेघांची चिठ्ठी, माणसाचा हातही लागत नाही. काख तर लांबच. एवढ्या माणसांच्या रक्ताची मी गुपितं जाणली, पण ओळखीचा म्हणावा असा एक दिनकरगुरुजीच. दर हिवाळ्यात तपासणीला यायचे, आणि नवीन मुलीनं नळी स्टँडवर ठेवली की तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या काखेत दाबायचे. "पोरी, हे माझं लाडावलेलं आहे. याला उघड्यावर ठेवू नकोस."

नव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटून गेल्यावर, एका पौषात माझी आई गेली. मी एकुलती एक. दहाव्याला घाटावर सगळं मलाच करायचं होतं. चुलते नाक मुरडत होते, पण गुरुजी म्हणाले, लेक करेल, मी सांगतो. पहाटेची बोचरी हवा. मला पाण्यात उतरायचं होतं आणि गेले नऊ दिवस मी रडलेही नव्हते, नुसती कामं करत होते. पदर खोचून मी पायरीवर पाऊल टाकलं.

"थांबा, ताई."

गुरुजी आता पार म्हातारे झाले होते. माकडटोपी तीच. झोळीतून त्यांनी थर्मास काढला. जागोजागी पोचे पडलेले, झाकणाला दोरी बांधलेली. तांब्यात ओंजळभर नदीचं पाणी घेतलं, वर ऊन पाणी ओतलं, आणि माझ्या हातांवर धार धरली.

"घ्या. आईनंच तापवून ठेवलंय समजा."

मी मोठ्यानं रडले. चुलत्यांसमोर, घाटावरच्या सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. गुरुजींनी धार तेवढी थांबू दिली नाही. पाणी संपत आलं तसा त्यांनी थर्मास आणखी तिरका केला, आणि बुडाजवळची ती लाल पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. कडा निघालेल्या, अक्षरं फिकी, पण वाचता येत होतं: 'बर्फातच ठेवावे.'

रडतारडता मला हसू फुटलं. गुरुजींनी वाकून पट्टी वाचली आणि म्हणाले, "मॅडमना सांगू नका."